कोयता, मूठ आणि आकडी : शहापूर-मुरबाड परिसरातील लाकडी मुठीच्या पात्याचा अभ्यास

बीजशब्द : कोयता, मूठ, आकडी, घडीचा चाकू, राब, लोहारकाम, शस्त्र अधिनियम, वनहक्क

प्रस्तावना

धारदार पाते अंगावर बाळगणे ही मानवी श्रमजीवनाची फार जुनी गरज होय. पाते जवळ हवे, ते चटकन हाती यावे, आणि काम नसताना त्याने स्वतःलाच इजा करू नये, या तीन अटी एकाच वेळी पूर्ण कराव्या लागतात. युरोपातील शेतकऱ्याने व मेंढपाळाने या प्रश्नाचे उत्तर घडीच्या चाकूत शोधले. तेथे लाकडी मूठ हीच पात्याची म्यान बनली. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत हेच उत्तर वेगळ्या वाटेने आले. येथील कोयत्याचे पाते मिटत नाही. पात्याला धरणारे लाकूड व पात्याला झाकणारे लाकूड अशी दोन लाकडे येथे वेगवेगळी झाली. पहिली ती मूठ आणि दुसरी ती कंबरेला बांधलेली आकडी.

कोयत्याविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतांशी पात्याविषयी असते. परंतु कोयत्याचे अवजारपण केवळ पात्यात नसून मूठ व आकडी यांत आहे, आणि हे दोन्ही भाग वापरणारा माणूस आपल्या हातापायांच्या मापाने घडवितो, हे लक्षात घेतल्याखेरीज या वस्तूचा अर्थ लागत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. त्याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात येईल.

घडीचे पाते घरातच का राहिले ?

मिटणारे पाते मराठी समाजाला अपरिचित होते असे म्हणता येणार नाही. नाभिकाच्या धोकटीतील वस्तरा हे मिटणारेच पाते होय. स्वयंपाकघरातील विळीचाही घडीचा प्रकार असून तिचे पाते लाकडी पाटावर आडवे पडते. जत्रेतील दुकानांत मिळणारा लहान घडीचा चाकू कैरी कापण्यापासून सुतळी तोडण्यापर्यंत उपयोगी पडतो. उत्तर भारतातील रामपूरचा घडीचा चाकू तर हिंदी चित्रपटांमुळे घरोघरी ठाऊक झाला. परंतु यांपैकी एकही पाते रानातल्या कामाचे नाही. वस्तरा आणि विळी यांची जागा छपराखाली आहे, हा योगायोग नव्हे.

घडीच्या चाकूची रचना पाहिल्यास याचे कारण उमगते. फ्रान्सच्या साव्हुआ या डोंगराळ प्रांतात जोसेफ ओपिनेल या अठरा वर्षांच्या तरुणाने १८९० साली एक साधा चाकू तयार केला. बीच वृक्षाच्या लाकडाची गोलसर मूठ, तिच्यात उभी खाच, एक खिळा आणि एक पाते एवढाच त्याचा पसारा. १९५५ साली त्याला फिरते कडे बसविण्यात आले व उघडलेले पाते अचानक मिटून बोटे कापण्याचा धोका टळला. हा चाकू आजही बनतो. त्याची मूठ तासून, कोरून, तेल पाजून आपल्या हाताजोगती करून घेणे हा अनेकांचा आवडीचा उद्योग आहे. परंतु या चाकूचा एक दोष त्याचे चाहतेही मान्य करतात : लाकूड ओले झाले की फुगते, खाच आवळते आणि पाते उघडेनासे होते.

शहापूर-मुरबाडमध्ये वर्षाचे चार महिने पाऊस असतो आणि त्याचे सरासरी मान अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास जाते. अशा हवेत लाकडाच्या खाचेत अडकणारे पाते ऐन गरजेच्या वेळी दगा देणार हे उघड आहे. चिखल आणि झाडाचा चीक सांध्यात साचतो तो वेगळाच. यापेक्षाही मोठे कारण कामाच्या स्वरूपात आहे. चाकू कापतो, कोयता तोडतो. फांदीवर घाव बसताना सारा आघात पाते आणि मूठ यांच्या सांध्यावर येतो; एका खिळ्यावर फिरणारे पाते असे घाव फार काळ सोसू शकत नाही. त्यामुळे येथे पाते मुठीत पक्के रुतवणे भाग होते, आणि पाते मिटणार नसेल तर ते झाकण्याची सोय अन्यत्र करणे ओघानेच आले.

पाते : लोहाराचा वाटा

पाते घडविण्याचे काम गावातील लोहाराचे किंवा पालांवर राहून फिरणाऱ्या घिसाडी समाजाचे. मुंबई-आग्रा महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो, आणि मोडीत निघालेल्या ट्रकच्या कमानीचे पाटे हा कोयत्यासाठी उत्तम कच्चा माल ठरतो. या पोलादात कर्बाचे प्रमाण साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असते. त्यामुळे त्याला पाणी देता येते, तरीही ते काचेसारखे ठिसूळ होत नाही.

भात्याने फुलवलेल्या कोळशात पाटा लाल करून ऐरणीवर घणाने त्याला आकार दिला जातो. पाठ जाड व धारेकडची बाजू पातळ केली जाते, टोकाला आतल्या बाजूस बाक दिला जातो. हा बाक शोभेचा नाही. त्याने दूरची फांदी ओढून घेता येते आणि जमिनीलगत तोडताना धार दगडावर आपटण्याऐवजी टोक आधी टेकते. नंतर पाते पुन्हा लाल करून त्याची धारेकडची बाजू पाण्यात बुडविली जाते, यालाच पाणी देणे म्हणतात. पाठ हळूहळू निवल्यामुळे चिवट राहते आणि धार कडक होते. केवळ पाणी देऊन सोडलेली धार मात्र तुटते. म्हणून ती दगडावर घासून चकचकीत करतात व पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकताना उमटणारे रंग पाहतात. गव्हाळ पिवळा रंग सुमारे २३० अंश सेल्सिअसला येतो, जांभळा २८० च्या सुमारास आणि निळा ३०० जवळ. तोडीच्या अवजाराला पिवळ्याच्या पुढे, जांभळ्याकडे झुकलेला रंग मानवतो. उष्णतामापक नसताना हा निर्णय केवळ डोळ्यांनी घेतला जातो, ही गोष्ट अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने एकदा तरी प्रत्यक्ष पाहावी अशी आहे.

मूठ : वापरणाऱ्याचा वाटा

बाजारात मूठ बसविलेला कोयता मिळतो. परंतु रोज कोयता चालविणाऱ्याला ती मूठ क्वचितच पुरते. मुठीचा घेर बोटांच्या लांबीवर अवलंबून असतो. मूठ धरल्यावर बोटांची टोके तळव्याला जेमतेम टेकावीत, त्यात रुतू नयेत. मूठ जाड झाली तर मनगट दुखते, बारीक झाली तर घावागणिक फिरते. तिचा छेद गोल न ठेवता अंडाकृती ठेवतात, कारण त्यामुळे न पाहताही धार कोणत्या दिशेला आहे हे हाताला कळते. झाडावर चढलेल्या माणसाला हे कळणे किती आवश्यक आहे हे सांगावयास नको. शेवटच्या टोकाला फुगवटा ठेवतात. घामाने वा पावसाने ओला झालेला हात त्यामुळे निसटत नाही.

लाकडाची निवड हा स्वतंत्र विषय होय. या परिसरातील पानझडी वनांत साग, ऐन, खैर, धावडा, तिवस, हेदू, शिवण असे अनेक वृक्ष आहेत. मुठीसाठी लाकूड चिवट हवे आणि आघात शोषणारे हवे. तिवस व धावडा या दोन्ही कसोट्यांना उतरतात. शेतीची अवजारे, कुऱ्हाडीचे दांडे आणि गाडीचे आस यांसाठी त्यांचा लौकिक जुना आहे. खैर टिकाऊ आणि वाळवीला न जुमानणारा, परंतु जड. बाभूळही चालते. साग कोरण्यास सोपा व हवेतील बदलांनी फारसा न वळणारा असला तरी घाव सोसण्यात तिवसाची बरोबरी करीत नाही. शिवण हलकी, म्हणून मुठीपेक्षा आकडीला अधिक योग्य.

लाकूड ओले असताना मूठ बसविणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. वाळताना लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आटत नाही, परंतु आडव्या दिशेने बरेच आटते, आणि त्यामुळे मूठ तडकते किंवा सैल होते. कोरड्या दिवसांत तोडलेला तुकडा सावलीत, विशेषतः चुलीवरच्या माळ्यावर धुरात, काही महिने ठेवणे हा यावरचा जुना व बिनखर्ची उपाय होय. उन्हाळ्यात पक्की बसविलेली मूठ पावसाळ्यात फुगून अधिकच घट्ट होते. याउलट आषाढात बसविलेली मूठ चैत्रात हलू लागते.

पात्याचे मुठीत शिरणारे निमुळते शेपूट तापवून लाकडात बसवितात. त्यासाठी आधी लहान भोक पाडून घेतात व पात्याभोवती ओले फडके गुंडाळतात. अन्यथा शेपटाची उष्णता धारेपर्यंत पोहोचून लोहाराने दिलेले पाणी उतरते. शेपूट एकाच दमात लालबुंद करून ठोकले तर भोकाभोवतीचे लाकूड जळून त्याचा कोळसा होतो, आणि तो पुढे भुगा होऊन गळतो. बेताचे तापवून, दोन-तीन वेळा आत-बाहेर करून बसविलेले शेपूट वर्षानुवर्षे टिकते. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे ठोकले जाते, ते लाकूड फाटू नये म्हणून. फट राहिलीच तर लाख व विटेची पूड वितळवून ओतता येते.

सैल झालेली मूठ पाण्यात बुडवून घट्ट करण्याची युक्ती सर्वत्र प्रचलित आहे. ती घातक आहे. फुगलेले लाकूड लोखंडाशी दाबले जाऊन त्याचे तंतू चिरडतात, आणि वाळल्यावर फट पूर्वीपेक्षा मोठी होते. घाव घालताना मुठीतून सुटलेले पाते कोणत्या दिशेला जाईल हे सांगता येत नाही. खाली मोळी बांधत उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरही ते जाऊ शकते. मुठीला तेल पाजावयाचे तर जवसाचे तेल सर्वांत चांगले, कारण ते हवेत सुकून पापुद्रा धरते. करंजाचे किंवा मोहाचे तेल सुकत नाही. ते काही काळ ओल थोपविते, पण हात चिकट राहतो.

आकडी : अंगावरची म्यान

आकडी म्हणजे कंबरेच्या मागील बाजूस दोरीने बांधलेला, मध्ये आरपार खाच असलेला लाकडी ठोकळा. कोयता वरून खाचेत सोडला की पाते खाली लोंबते व मूठ कडेपाशी अडते. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली या आदिवासी समाजांच्या पुरुषांच्या कंबरेला ती दिसते. कुणबी शेतकरीही ती वापरतो. चामड्याच्या म्यानेशी तुलना केल्यास तिचे गुण स्पष्ट होतात. पावसात चामडे कुजते व म्यानेत पाणी साचून पाते गंजते. आकडी दोन्ही बाजूंनी उघडी असल्याने पाणी व चीक खाली गळून जातो. पाते काढताना दुसऱ्या हाताची गरज पडत नाही. दोन्ही हातांनी खोड धरून वर चढावे, एका हाताने फांदीला धरून राहावे आणि दुसऱ्याने मागे हात नेऊन कोयता काढावा, अशा कामाला याहून सोयीची रचना सुचणे कठीण आहे. दूर कर्नाटकातील कोडगू प्रांतात कोडव लोक ओडी कत्ती हे बाकदार पाते कंबरेमागे तोडंग नावाच्या धातूच्या पकडीत अडकवितात. डोंगर, पाऊस आणि झाडी यांनी दोन्हीकडे हात मोकळे ठेवणारी सारखीच जागा शोधून दिली, असे म्हणावेसे वाटते.

आकडीची खाच सर्वसाधारण मापाची असून चालत नाही. पात्याचा बाकदार शेंडा तिच्यातून जाईल एवढी ती लांब हवी. पण मूठ आत घसरेल एवढी रुंद नको. पात्याची पाठ लाकडाला टेकावी आणि धारेकडे थोडी मोकळीक राहावी, नाही तर प्रत्येक वेळी कोयता ठेवताना धार लाकूड कापते व बोथट होते. म्हणून एका कोयत्याची आकडी दुसऱ्याला सहसा नीट बसत नाही. ठोकळ्याची आतली बाजू कंबरेच्या गोलाईप्रमाणे किंचित खोलगट तासतात. डावखुऱ्या माणसाची आकडी दुसऱ्या बाजूला झुकलेली असते. पूर्वी ती लंगोटीवर बांधली जाई. पँट वापरणाऱ्याला भोके रुंद करून तीच पट्ट्यातही ओवता येते.

आकडी ही प्रामुख्याने पुरुषांच्या वेषाचा भाग राहिली, हेही नोंदविले पाहिजे. सरपणाची मोळी आणण्याचे काम बहुतांशी स्त्रियांचे असूनही कोयती हातात धरून किंवा मोळीत खोचून नेणे त्यांच्या वाट्याला आले. पाते झाकण्याची सोय ज्या वेषाबरोबर वाढली तो वेष पुरुषाचा होता, एवढाच त्याचा अर्थ असावा.

कामाचे वर्ष

भाताच्या कापणीला कोयता लागत नाही. तेथे विळा लागतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला दातेरी 'वैभव' विळा कोकणात चांगला रुजला. कोयत्याचा हंगाम कापणीनंतर सुरू होतो. भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी पालापाचोळा, शेण व झाडांची टहाळे पसरून उन्हाळ्यात पेटविण्याची पद्धत म्हणजे राब. त्यासाठी ऐनासारख्या वृक्षांची टहाळे तोडावी लागतात. पावसाळ्यापूर्वी सरपण भरणे, कुंपण घालणे, बांबूच्या कांबी काढणे आणि कुडासाठी कारवी आणणे ही कामे त्याच सुमारास येतात. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते तेव्हा कोयताही त्यांत असतो.

कायदा आणि कंबरेचा कोयता

राबासाठी टहाळ तोडण्याचा हक्क हा ठाणे जिल्ह्यातील जुना वाद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वने राखीव होऊ लागली तेव्हा शेतकऱ्यांची गाऱ्हाणी इतकी वाढली की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ साली आयोग नेमावा लागला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार राखीव वनात झाड तोडणे वा त्याच्या फांद्या छाटणे हा गुन्हा आहे, आणि कलम ५२ नुसार अशा गुन्ह्यात वापरलेली अवजारेही जप्त करता येतात. कोयता जप्त होणे म्हणजे अनेक कुटुंबांच्या दृष्टीने हंगामाचे साधन जाणे होय. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने निस्तार व गौण वनोपजावरील हक्क मान्य केले, त्यामुळे चित्र काही अंशी बदलले.

दुसरा प्रश्न शस्त्रविषयक कायद्याचा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील व्याख्येने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू शस्त्राच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांतही ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख करताना घरगुती, शेतकी, वैज्ञानिक व औद्योगिक उपयोगाची पाती वगळली आहेत. कोयत्याचे पाते या मापांपलीकडे सहज जाते. त्याला वाचविते ते त्याचे प्रयोजन. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघणाऱ्या मनाई आदेशांचा रोख वेगळा असतो. त्यात सुऱ्या, काठ्या, लाठ्या आणि इजा करू शकणारी कोणतीही वस्तू बाळगण्यास बंदी घालता येते. गावातून आठवडे बाजाराला किंवा एस. टी. स्थानकावर येणाऱ्या माणसाच्या कंबरेला आकडी असते. तो तिच्याकडे पोशाखाचा भाग म्हणून पाहतो, आणि समोरचा शिपाई तिच्यातील पात्याकडे.

२०२२ च्या अखेरीपासून पुणे शहरातील गुन्ह्यांमुळे 'कोयता गँग' हा शब्द वृत्तपत्रांत रूढ झाला, आणि कोयता खरेदी करणाऱ्याच्या ओळखपत्राची नोंद दुकानदाराने ठेवावी अशी भूमिका तेथील पोलिसांनी घेतली. शहरातील भीती खरी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि ज्या भाषेत ऊसतोडणी करणारे जोडपे 'एक कोयता' म्हणून मोजले जाते त्याच भाषेत हा शब्द टोळीचे नाव बनावा, हे विलक्षणच. अशा भीतीचे परिणाम अवजारावर कसे होतात याचे उदाहरण जपानमध्ये सापडते. तेथील 'हिगोनोकामी' हा घडीचा चाकू शाळकरी मुले पेन्सिल तासण्यासाठी वापरीत. १९६० साली समाजवादी नेते असानुमा यांची भर सभेत पात्याने हत्या झाली. ते पाते हिगोनोकामी नव्हते. तरी मुलांच्या हातून पाती काढून घेण्याची मोहीम देशभर चालली आणि या चाकूचा धंदा बसला.

शेतीचे अवजार आणि मारण्याचे हत्यार यांतला फरक पाते मोजून कळत नाही. वर्षांच्या घामाने काळी पडलेली मूठ आणि एकाच कोयत्याच्या मापाची आकडी ही प्रयोजनाची दृश्य खूण आहे. अधिनियमातील 'उपयोगासाठी बनविलेल्या' या शब्दांना प्रत्यक्षात काही आधार हवा असेल तर तो येथे मिळू शकतो, आणि पाहणी करणाऱ्याने पात्याबरोबर या दोन वस्तूंकडेही लक्ष देणे इष्ट ठरेल.

या साऱ्यात मुठीचे लाकूड मिळविणे हीसुद्धा सोपी गोष्ट राहिलेली नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन व तिवस हे वृक्ष आहेत. ते स्वतःच्या मालकीच्या जमिनीतूनही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यामुळे मोडीत निघालेली बैलगाडी आणि ट्रॅक्टर आल्यावर पडवीत पडून राहिलेला लाकडी नांगर यांना नवा उपयोग मिळू शकतो. नांगराचे ते लाकूड वीस-तीस वर्षे वाळलेले असते. ते आणखी आटत नाही, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.